रुग्णशय्येचे धोके

परळ येथील के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अमानुष हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायु तुटल्यामुळें त्या पुढें अंथरुणावरून उठल्या नाहींत. १८ मे २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें. तोंपर्यंत सुमारें एकेचाळीस वर्षें त्याच रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ च्या निकालांत या सेवेचा गौरव केला. इतक्या दीर्घ काळांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊं दिले नाहींत, ही या सेवेची मोठीच साक्ष होय. परंतु अखेर त्यांचा अंत केला तो न्यूमोनियानें. अंथरुणाचे कांहीं धोके दक्षतेनें दूर ठेवतां येतात, कांहीं मात्र सदैव टपून बसलेले असतात, हेंच या उदाहरणावरून दिसतें.

आजाऱ्यास स्वस्थ पडूं द्यावें, अशी आपली जुनी समजूत आहे. रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्यानें १९४७ सालींच लेख लिहून अंथरुणाच्या अपायांकडे लक्ष वेधलें होतें. हे अपाय होतात तरी कसे?

माकडहाड, टांचा, खुबे व डोक्याची मागील बाजू यांवर शरीराचा भार सतत पडला, कीं हाड व गादी यांच्यामध्यें सांपडलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात. रक्त न मिळाल्यानें तेथील मांस मरतें, हाच शय्याव्रण. घाम किंवा लघवीची ओल त्यास हातभार लावते. दाबूनही न जाणारी लाली ही त्याची पहिली खूण. सांवळ्या कातडीवर ती सहसा दिसत नाहीं; तेथें काळसर छटा, ऊब किंवा कठीणपणा हातानें पाहावा. अशा जागीं तेल चोळणें मायेचें वाटलें, तरी तें अपायकारक असतें.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. पायांचे स्नायु हालले नाहींत, तर शिरांतील रक्त संथ होऊन गोठूं शकतें. एकच पाय सुजून दुखूं लागला, तर तो न चोळतां डॉक्टरांस दाखवावा. ती गुठळी सुटून फुप्फुसांत गेली, तर एकाएकीं धाप लागते व प्राणावर बेततें.

तिसरा धोका छातीचा. सपाट निजलेल्याचा श्वास उथळ होतो, कफ सांचतो आणि पाण्याचा घोट श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. म्हणूनच अतिदक्षता विभागांत, विशेषतः श्वासयंत्रावरील रुग्णाचें डोकें, प्रकृतीस मानवेल तर, ३० ते ४५ अंश उंच ठेवितात व त्याचें तोंड नियमानें स्वच्छ करितात. लघवीच्या नळीवाटेंही जंतु शिरतात. नळी जरुरीपेक्षां एक दिवसही अधिक ठेवूं नये. शिवाय स्नायु झिजतात आणि सांधे आंखडतात.

अतिदक्षता विभागांत हीं कामें परिचारिका पाळीपाळीनें करितात. परंतु रुग्ण अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील दोन खोल्यांच्या घरीं परतला, कीं सारा भार बहुधा एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर येऊन पडतो. दर दोन तासांनीं कूस बदलणें, रात्रींही, हें एका माणसाचें काम नव्हे. म्हणून घरांतील सर्वांनीं वेळा वांटून घेऊन त्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात. रुग्णास ओढूं नये. खालील चादरीसह दोघांनीं उचलून सरकवावें. हवेची गादी उपयोगी खरी, पण ती कूस बदलीत नाहीं. जेवण बसवूनच द्यावें व नंतर अर्धा तास तसेंच बसूं द्यावें. गुंगींत असलेल्यास कांहीं भरवूं नये. डॉक्टरांची संमति मिळतांच हातापायांची हालचाल करवावी व रुग्णास खुर्चींत बसवावें.

रुग्णाची कूस वळवितांना तो कण्हतो, आणि घरच्यांचें मन द्रवून हात मागें येतो. त्या क्षणीं हात हलकाच, पण पुढें करणें, हीच खरी माया होय.