विजेची सायकल : लेखांक ३
बॅटरी कोणती निवडावी?

मागील लेखांकात मोटरचा विचार झाला. बॅटरीचा विचार करताना ‘सर्वांत चांगली कोणती’ या प्रश्नाला ‘कोणत्या हवामानात आणि कोणत्या घरात’ याची जोड द्यावी लागते, कारण बॅटरी रस्त्यावर जितका वेळ असते त्याहून कितीतरी अधिक वेळ ती घरात असते.

बॅटरीतील साठा वॉट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तो मिळतो. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास साठतात आणि पेडल मारत गेल्यास किलोमीटरला साधारण १२ वॉट-तास लागतात असे धरले, तर सुमारे ३० किलोमीटर जाता येते. ठाणे ते कल्याण हे लोहमार्गाचे अंतरच सुमारे २० किलोमीटर असल्याने, घरापासून स्थानकापर्यंत ये-जा करणाऱ्या डोंबिवलीकराला एवढा पल्ला पुरून उरतो.

या साठ्याची शिसे-आम्ल बॅटरी १० किलोहून जड भरते आणि सुमारे ३०० ते ५०० चक्रांत, म्हणजे तितक्या वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर, थकते. निकेल, मँगनीज व कोबाल्ट असलेली लिथियम बॅटरी, संक्षेपाने एनएमसी, दोन-अडीच किलोंची असून साधारण ५०० ते १,००० चक्रे टिकते; लिथियम आयर्न फॉस्फेट अर्थात एलएफपी साडेतीन-चार किलोंची असली, तरी २,००० किंवा त्याहून अधिक चक्रे देऊ शकते.

गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करता न येणे ही एलएफपीची मोठी उणीव मानली जाते, परंतु ठाणे-कल्याण परिसरात तशी थंडी पडतच नाही. येथील खरा शत्रू उन्हाळ्यातील उष्मा आहे. फॉस्फेटच्या रचनेत ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तापलेली एलएफपी एनएमसीच्या तुलनेत उशिरा व कमी तीव्रतेने पेटते. बाहेर पडायला एकच दरवाजा असलेल्या छोट्या सदनिकेत, जिथे बॅटरी बहुधा त्या दरवाजाजवळच चार्जिंगला लावली जाते, हा फरक जिवाशी निगडित ठरतो.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बॅटरी हाताने न्यावी लागत असेल, तर हलकी एनएमसी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जेमतेम दीड किलोचा भार वाचवण्यासाठी आयुष्य आणि सुरक्षितता यांत तडजोड करणे बहुतेकांना परवडणारे नाही. त्यामुळे या शहरांसाठी काढता येण्याजोगी एलएफपी हीच पहिली पसंती असावी. तिच्यात प्रत्येक घटावर लक्ष ठेवून अतिचार्ज व अतिउष्णता रोखणारे नियंत्रक मंडल, म्हणजेच बीएमएस, असल्याची खात्री करावी. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी, कोणत्याही प्रकारची असो, वाळल्यावरही चार्ज करू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे द्यावी, कारण २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर सोपवली आहे.

पुढील लेखांकात चार्जर आणि घरातील वीजजोडणी यांचा विचार केला जाईल.