आधी पाणी बघा, मग घर

बिऱ्हाड हलवताना : भाग 6

मागच्या आठवड्यात आपण बदलीचा हुकूम हातात पडल्यापासून मुलांच्या शाळेच्या दाखल्यांपर्यंतची धावपळ पाहिली. आता प्रश्न उरतो तो गावात राहायचं कुठे याचा. त्यासाठी रायगडमधली दोन गावं घेऊ, पेण आणि रोहा. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. दोन्हीकडे नगरपरिषद, उपजिल्हा रुग्णालय, रेल्वे स्टेशन आणि एसटीचं आगार आहे. बाहेरची माणसं इथे येतात ती बहुतेक नोकरीपायी. कुणाला डोलवीचा पोलाद कारखाना गाठायचा असतो, कुणाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, कुणाला धाटावची एमआयडीसी. कुणाची बँकेत नाहीतर शाळेत बदली झालेली असते.

मोठ्या शहरातून आलेला माणूस साधारण तीन गोष्टी विचारतो. स्टेशन किती लांब, शाळा कुठली जवळ आणि भाव काय. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण या दोन गावांत ते दुसऱ्या नंबरवर येतात. पहिला प्रश्न पाण्याचा आहे. जुलैत ते कुठे साचतं आणि एप्रिलमध्ये ते नळाला किती वेळ येतं, ही दोन उत्तरं मिळाली की निम्मी आळी निवडून झाली म्हणून समजा.

या पट्ट्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पेणची भोगावती पुढे धरमतरच्या खाडीकडे जाते आणि रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. दोन्ही नद्यांच्या तोंडाशी भरती-ओहोटी आहे. डोंगरातून लोंढा यायला आणि खाडीला उधाण यायला एकच गाठ पडली, की नदीला पाणी टाकायला जागा उरत नाही. ते मागे तुंबतं आणि सखल भागात शिरतं. म्हणून इथे पाऊस किती पडला याच्या जोडीला तो कुठल्या तिथीला पडला हेही बघावं लागतं.

खाडीकाठच्या लोकांचा एक साधा हिशेब आहे, तो नव्या माणसाने जरूर शिकून घ्यावा. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास. आत खाडीत भरती थोडी उशिरा पोचते. पण अमावास्येच्या सुमारास रात्रभर पाऊस कोसळत असेल तर गाडी उंचावर कधी नेऊन लावायची, हे कॅलेंडरवरूनसुद्धा कळतं.

पेणमध्ये जुन्या आळ्या आणि नवी वस्ती यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. गाव वसवणाऱ्यांनी घरं उंचवट्यावर बांधली आणि सखल जमीन भाताला ठेवली. आज इमारती उभ्या राहतात त्यातल्या बऱ्याच त्या भातखाचरांवर मुरमाचा भराव टाकून. भाताचं खाचर म्हणजे मुद्दाम पाणी धरून ठेवणारी जमीन. इमारत भरावावर उंच राहते, पण तिच्याकडे येणारा रस्ता आणि शेजारचं जुनं घर खाली जातं. जागा दाखवणारा माणूस तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवेल. तुम्ही खाली उतरून पार्किंगच्या भिंतीवर ओलीचा पट्टा कुठवर आला आहे ते बघा. शेजारच्या जुन्या घराचं जोतं किती पायऱ्या उंच आहे तेही मोजा. आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा : “26 जुलै 2005 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” हात कंबरेला लागतो, गुडघ्याला लागतो की मान नकारार्थी हलते, तेवढ्यात उत्तर मिळतं.

पेणच्या गणपतींची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. गावातले मूर्तीचे कारखाने या बाबतीत फार उपयोगी पडतात. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. तिला पाणी लागलं की तिची परत माती होते. ऐन जुलैत, मूर्तींवर शेवटचा हात फिरत असताना, कारखान्यातली सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते बघा. वर्षभराची कमाई त्या फळीवर असते, त्यामुळे ती अंदाजाने ठोकलेली नसते. मात्र कारखान्याला लागून घर घेत असाल तर रंगाच्या फवाऱ्याचा वास आणि गणपतीआधीचे दोन महिने रात्री उशिरापर्यंतची वर्दळ ही त्या आळीची रीत आहे, हे मान्य करूनच राहायला जा. ते काम त्या आळीत तुमच्या आधीपासून आहे.

पेणच्या पश्चिमेला खारेपाट सुरू होतो. तिथली शेती आणि गावं मातीच्या बांधांच्या भरवशावर आहेत. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी थेट शेतात येतं. वाशी, शिर्की या बाजूला पिण्याच्या पाण्याचे हाल वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि हेटवणे धरण याच तालुक्यात असून त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, हे दुखणं तिथल्या माणसाकडून ऐकल्याशिवाय कळत नाही. तिकडे स्वस्त बंगलो प्लॉट दिसला तर बोअरिंगचं पाणी आधी चाखून बघा, आणि तेही एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यानंतर गोडं लागलेलं पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकतं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाल्यापासून जाहिरातींत मुंबई किती मिनिटांवर आली हे मोठ्या अक्षरात असतं. नळाची वेळ त्या जाहिरातीत नसते.

रोह्याची गोष्ट थोडी वेगळी. भिऱ्याला 1927 पासून टाटांचं वीजकेंद्र आहे. तिथून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते. कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही त्याच पाण्यावर. नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, आणि नगरपरिषद दोघांची मिळून एकच. पावसाळ्यात डोलवहाल बंधाऱ्याजवळची पातळी रोज जाहीर होते. तिथे इशारा 23 मीटरला आणि धोका 23.95 मीटरला. मधलं अंतर एक मीटरही नाही, म्हणजे इशारा मिळाल्यावर आवराआवरीला फार वेळ मिळेल असं धरून चालू नका. नदीकाठची जागा घेत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी.

रोह्यात पाण्याच्या जोडीला वारा बघावा लागतो. धाटावचे रासायनिक कारखाने गावाच्या पूर्वेला, कोलाड रस्त्यावर आहेत. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात आणि वास आत, पूर्वेकडे जातो. रात्री मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे धाटावकडून गावाकडे. हिवाळ्याच्या थंड रात्री हवा खाली बसते तेव्हा हे जास्त जाणवतं. रविवारी दुपारी जागा बघून खूश झालेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. त्यामुळे वरसे किंवा धाटावच्या बाजूला घर बघत असाल, तर एकदा रात्री जेवणानंतर जाऊन अर्धा तास गच्चीवर उभे राहा. घरात दम्याचा माणूस असेल तर हा अर्धा तास टाळू नका. वरसे रोह्याला लागून असलं तरी तिथे ग्रामपंचायत आहे, हेही लक्षात ठेवा. घरपट्टी, पाणी आणि कचरा यांची चौकशी तिथेच करायची, नगरपरिषदेत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. दिवा-रोहा मार्गावरच्या मेमू मोजक्याच आहेत, तिथे मुंबईच्या लोकलची सवय उपयोगाची नाही. परतीची शेवटची गाडी कितीची आणि ती चुकली तर पनवेलहून एसटी कधी, हे लिहून ठेवा. कंपनीत लागला असाल तर कंपनीची बस कुठल्या नाक्यावर थांबते ते पाहून मग घर शोधा. कागदपत्रांचा, म्हणजे सातबारा, एनए आणि महारेराचा विषय मोठा आहे. तो पुढच्या भागात.

माझं स्पष्ट मत असं, की या दोन्ही गावांत पहिल्याच वर्षी जागा विकत घेऊ नये. भाड्याने राहा आणि करार जूनपासून करा. पाऊस, गणपती, थंडीतल्या रात्री आणि उन्हाळ्यातला नळ, हे सगळं एकाच करारात बघून होतं. 1 जूनला सुरू झालेला 11 महिन्यांचा करार 30 एप्रिलला संपतो.