प्रतिपक्षावाचून झालेला गोल
(फुटबॉलच्या बखरीतून : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात १९६२ साली चिली आणि इटली यांच्या खेळाडूंनी ज्या मैदानावर परस्परांवर मुष्टिप्रहार केले, त्या सांतियागो नगरीतील राष्ट्रीय क्रीडांगणाचा आपण निरोप घेतला होता. परंतु त्याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९७३ रोजी जे घडले ते इतके विलक्षण आहे, की आज पुन्हा तेथेच जाणे प्राप्त आहे. त्या दिवशी हाणामारी झाली नाही, पंचाशी कोणी हुज्जत घातली नाही, कोणी जायबंदीही झाले नाही. कारण मैदानावर दुसरा संघच नव्हता.

१९७४ च्या विश्वचषकातील एका जागेसाठी सोव्हिएत संघराज्य आणि चिली यांची गाठ पडली होती, आणि पहिला सामना २६ सप्टेंबर १९७३ रोजी मॉस्कोत ठरला होता. त्यापूर्वी जेमतेम पंधरा दिवस, ११ सप्टेंबरला, जनरल पिनोचे यांच्या फौजेने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनिर्वाचित सरकार उलथून टाकले, व मॉस्को सरकारने चिलीशी राजनैतिक संबंध तोडले. मायदेशी कोणावर कोणता प्रसंग गुदरला असेल ही धास्ती उरात वागवीत चिलीच्या खेळाडूंनी, एलियास फिगेरोआ या ख्यातनाम बचावपटूच्या भरवशावर, तो सामना गोलशून्य राखला.

परतीचा सामना सांतियागोत व्हावयाचा होता. आणि तेथील राष्ट्रीय क्रीडांगण तर तोवर लष्कराचा बंदिखाना झाले होते. विद्यार्थी, कामगार, अध्यापक असे हजारो स्त्रीपुरुष, ना फिर्याद ना खटला, तेथे कोंडले गेले. चौकशीच्या नावाखाली त्यांचा अनन्वित छळ झाला, आणि कित्येकांना प्राणासही मुकावे लागले. सामना त्रयस्थ देशात खेळवावा, अशी मागणी सोव्हिएत महासंघाने केली. बंदिशाळांच्या बाबतीत मॉस्कोची स्वतःची कीर्ती काही उज्ज्वल नव्हती हे खरे. पण सांगणाऱ्याचे हात मळलेले असले म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. फिफाने पाहणीसाठी दोन वरिष्ठ अधिकारी पाठविले. ते हिरवळीवरून फिरत असताना बरेचसे बंदी खालच्या खोल्यांत आणि बोळांत, बंदुकीच्या धाकाने, मूक बसविलेले होते. शहरात जनजीवन सुरळीत आहे, सामना खेळविण्यास प्रत्यवाय नाही, असा अहवाल दप्तरी दाखल झाला. या गृहस्थांना खोटारडे म्हणण्यापेक्षा ते पक्के कारकुनी वृत्तीचे होते असे मी म्हणेन : मैदानाचा पंचनामा करावयास सांगितले होते, तो त्यांनी केला.

सोव्हिएत संघ आला नाही. प्रतिपक्ष गैरहजर म्हणजे दोन-शून्य असा निकाल, एवढ्यावर कागदोपत्री प्रकरण मिटते. परंतु येथे त्याचा सोहळा करण्यात आला. चिलीचा संघ पोशाख करून उतरला, राष्ट्रगीत झाले, शिट्टी वाजली, आणि काही खेळाडू चेंडू एकमेकांकडे ढकलीत, वाटेत कोणी आडवे येणार नाही हे ठाऊक असूनही पळण्याचा आविर्भाव करीत, रिकाम्या गोलापर्यंत पोहोचले. तेथे कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने चेंडू आत लोटला. गोलानंतर चेंडू मध्यभागी ठेवून पुन्हा खेळ सुरू करावयाचा तो प्रतिपक्षाने; तो तर नव्हताच, तेव्हा सामना तेथेच आटोपला. जमलेल्या प्रेक्षकांचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून ब्राझीलच्या सांतोस संघाशी एक मैत्रीचा सामना ठेवला होता. त्यात चिलीचा पाच-शून्य असा फडशा पडला. पुढल्याच वर्षी आपल्या देशाने वर्णद्वेष्ट्या दक्षिण आफ्रिकेशी डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळण्याचे नाकारले, तेव्हा चषक आफ्रिकेस मिळाला. पण रिकाम्या कोर्टावर सर्व्हिस करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कोणी आणला नाही.

चिलीच्या त्या संघात कार्लोस कासेली हा आयेंदे यांचा उघड पक्षपाती आघाडीपटू होता. १९७४ च्या विश्वचषकात, बर्लिन येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध, त्याला तुर्की पंचाने बाहेर काढले, आणि विश्वचषकाच्या इतिहासात तांबडे कार्ड पाहणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच्या आईलाही लष्कराने पळवून नेऊन छळले होते. १९८८ साली पिनोचे यांच्या सत्तेवर जनमत घेण्यात आले, तेव्हा विरोधकांच्या दूरचित्रवाणी प्रचारात एका वृद्धेने आपली कर्मकहाणी सांगितली. ती संपल्यावर चित्रात शेजारी बसलेला कासेली दिसला, आणि ही माझी आई, असे त्याने देशाला सांगितले.