विरळ वस्तीचा नियम

अणुवीज प्रकल्पाला जागा शोधताना माणसं मोजली जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 1990च्या संहितेत ती मोजणी स्पष्ट होती: 10 किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठं गाव नको, 30 किलोमीटरच्या आत लाखाचं शहर नको, आणि 10 किलोमीटरच्या वर्तुळातली लोकसंख्येची घनता राज्याच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाहून कमी हवी. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला 365 होती. तिचे दोन-तृतीयांश म्हणजे 243. आपला भंडारा जिल्हा 294वर होता. सुटलो, असं वाटेल. पण वर्तुळ जिल्ह्याच्या सरासरीवर आखत नाहीत, जागेवर आखतात.

मध्य प्रदेशातलं चुटका बघा. वैनगंगा ज्या सिवनीत उगम पावते, त्याच्या शेजारचा मंडला जिल्हा. तिथे बरगी जलाशयाच्या काठी प्रत्येकी 700 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांना 2009मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. चुटका, कुंडा, टाटीघाट ही मुख्यतः गोंडांची गावं. बरगी धरण 1990मध्ये भरलं, तेव्हा यातली कितीतरी घरं एकदा उठलेली. आता पुन्हा उठा म्हणतात. 2013मध्ये जनसुनावणी दोनदा रद्द करावी लागली. ती झाली फेब्रुवारी 2014मध्ये, पोलीस बंदोबस्तात. मे 1997च्या जबलपूर भूकंपाचे हादरे मंडल्यालाही बसले होते, त्याची आठवण गावकरी काढतात. ती भाबडी भीती म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

चुटकाच का? अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते, बाकी उष्णता वाहून न्यायला अफाट पाणी लागतं. समुद्र नसेल तर जलाशय लागतो. आणि जलाशयाने दरीतली गावं आधीच रिकामी केलेली असतात. पाणी आयतं, माणसं कमी. म्हणजे पहिल्या विस्थापनानेच दुसऱ्याची पात्रता तयार होते. संहिता किती माणसं आहेत ते विचारते. ती कमी का झाली, हे विचारत नाही.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे समजायला चुटक्याला जावं लागत नाही. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988मध्ये झाली, तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. 2009मध्ये हे धरण राष्ट्रीय प्रकल्प झालं. खर्च कैक पटींनी वाढला आणि पुनर्वसनाचे मोर्चे निघतच राहिले. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हानमार्गे याच जलाशयात उतरतं. ढिवरांची जाळी त्याच पाण्यात पडतात. इथे अणुभट्टीचा प्रस्ताव आहे असं मी म्हणत नाही. पण जलाशयाचे काठ कागदावर कसे ‘सोयीचे’ दिसतात, ते ओळखून असावं.

कोकणात प्रश्न समुद्राचा होता. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी 938 हेक्टर जमीन घेतली गेली. माडबनच्या शेतकऱ्यांइतकेच साखरी नाट्याचे मच्छीमार चिडले, कारण त्यांचा सातबारा नव्हताच. गरम पाणी सोडल्यावर मासळी हटेल, याची भरपाई कोणत्या खात्यात मांडायची? एप्रिल 2011मध्ये पोलीस गोळीबारात तिथला एक तरुण गेला. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

विजेला विरोध करून चालणार नाही, राज्यात कोळशाचा धूर विदर्भच सर्वांत जास्त खातो. तरीही एक अट संहितेत यायलाच हवी: आधीच्या धरणाचं पुनर्वसन पूर्ण झालं असं बाधित ग्रामसभेने ठरावाने लिहून दिल्याशिवाय, त्या काठाचा अणुप्रकल्पासाठी विचारही होऊ नये.