घरगुती नळकामाचे अर्थकारण : वाराणसीच्या संदर्भात

शहरी पाणीपुरवठ्याचा विचार करताना जलशुद्धीकरण केंद्रे, उंच जलकुंभ आणि मुख्य जलवाहिन्या यांवर प्रामुख्याने लक्ष केंद्रित केले जाते. तथापि रस्त्यातील जलवाहिनीपासून स्वयंपाकघरातील तोटीपर्यंतचे आणि न्हाणीघरापासून मलनिस्सारण वाहिनीपर्यंतचे अखेरचे काही मीटर बहुतांशी कुटुंबाच्या स्वतःच्या पैशातून जोडले जातात. हे अंतर अल्प असले तरी त्यासाठी येणारा खर्च सर्वत्र सारखा नसतो. एकाच प्रकारच्या कामाला दोन शहरांत, किंबहुना एकाच शहरातील दोन मोहल्ल्यांत भिन्न दर पडतो. या तफावतीचे खापर सामान्यतः कारागिराच्या मर्जीवर फोडले जाते. वस्तुतः दराचा मोठा भाग स्थानिक परिस्थितीतून, विशेषतः सार्वजनिक सेवेच्या दर्जातून निश्चित होतो. वाराणसीसारख्या प्राचीन व दाट वस्तीच्या शहरात ही प्रक्रिया अधिक स्पष्टपणे दिसते.

दराची घडण

नळकामाचा दर कसा तयार होतो हे समजून घेण्यासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दर-विश्लेषण पद्धती उपयुक्त ठरते. या पद्धतीत प्रथम साहित्य व मजुरी यांची बेरीज केली जाते. त्यावर पाण्याच्या वापरापोटी १ टक्का आणि येणाऱ्या बेरजेवर कंत्राटदाराचा नफा व वरकड खर्च यांपोटी १५ टक्के आकारले जातात. कर स्वतंत्रपणे विचारात घेतला जातो. दिल्लीतील दर आधारभूत मानून अन्य ठिकाणांसाठी खर्च निर्देशांक वापरण्याचीही पद्धत आहे. स्थानिक परिस्थितीनुसार किंमत बदलते, हे शासकीय व्यवस्थेनेही मान्य केले आहे, असा याचा अर्थ होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या जोडणीस १,००० रुपयांचे साहित्य आणि ६०० रुपयांची मजुरी लागली, तर वरील पद्धतीने कराव्यतिरिक्त दर १,८५८ रुपये ४० पैसे होतो. तेच साहित्य वापरून, केवळ जागेच्या अडचणीमुळे काम लांबून मजुरी ९०० रुपये झाली, तर दर २,२०६ रुपये ८५ पैशांवर जातो. साहित्यात कोणताही बदल न होता एकूण दरात सुमारे १९ टक्के वाढ होते. ही वाढ कारागिराच्या नफेखोरीतून आलेली नसून जागेच्या स्वरूपातून आलेली आहे.

साहित्याची राष्ट्रीय बाजारपेठ, श्रमाची स्थानिक बाजारपेठ

नळकामाच्या साहित्याची बाजारपेठ राष्ट्रीय, काही अंशी आंतरराष्ट्रीय स्वरूपाची आहे. भारताला लागणाऱ्या पीव्हीसी रेझिनपैकी निम्म्याहून अधिक आयात करावे लागते. त्यामुळे खनिज तेलाचे भाव, रुपयाचा विनिमय दर आणि सागरी वाहतूक यांचा परिणाम गल्लीतील दुकानापर्यंत पोहोचतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करामुळे एकाच साहित्यावरील कराचा दर देशभर समान झाला आहे. त्यामुळे दोन शहरांतील दरांच्या फरकाचे स्पष्टीकरण साहित्यात फारसे सापडत नाही.

श्रमाची स्थिती वेगळी आहे. पाइप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविता येतो; दुरुस्तीची सेवा मात्र ग्राहकाच्या घरीच निर्माण होते आणि तेथेच उपभोगली जाते. अर्थशास्त्रात अशा सेवांना अव्यापारयोग्य सेवा म्हणतात. त्यांचे मूल्य स्थानिक मजुरीवर अवलंबून असते. अर्थात श्रमिक स्वतः स्थलांतर करू शकतो. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याने देशभरातील शहरांना प्लंबर पुरविले आहेत. तेथील पट्टामुंडई येथे या व्यवसायाचे शिक्षण देणारी शासकीय संस्थाही आहे. पूर्व उत्तर प्रदेशातील कारागीरही मुंबई, सुरत यांसारख्या शहरांकडे जातात. परिणामी वाराणसीतील कुशल कारागिराची मजुरी काही प्रमाणात मुंबईतील संधीशी निगडित राहते. हाच त्याच्या श्रमाचा संधिव्यय होय.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये मांडलेला विचारही येथे लागू पडतो. कारखान्यात यंत्रामुळे दर तासाचे उत्पादन वाढते. मात्र गळका नळ शोधून बदलण्यास लागणारा वेळ फारसा कमी होत नाही. इतर क्षेत्रांतील मजुरी वाढली की कारागीर टिकवून ठेवण्यासाठी या सेवेतील मजुरीही वाढते. त्यामुळे दुरुस्तीची सेवा वस्तूंच्या तुलनेत उत्तरोत्तर महाग होत जाते.

लहान काम प्रमाणापेक्षा महाग का वाटते, याचेही उत्तर खर्चाच्या रचनेत आहे. घर शोधणे, ये-जा करणे, दोष पाहणे आणि साहित्य आणण्यासाठी दुकानात जाणे हा वेळ काम लहान असो वा मोठे, जवळपास सारखाच लागतो. हा स्थिर खर्च एका वॉशरच्या बदलावर पूर्णपणे पडतो. संपूर्ण न्हाणीघराच्या कामावर तो विभागला जातो.

वाराणसीची स्थानिक परिस्थिती

वाराणसीत भदैनी येथे गंगेचे पाणी उचलून भेलूपूरच्या जलकेंद्रात शुद्ध करण्याची व्यवस्था १८९० च्या दशकात सुरू झाली. त्या काळी शहराची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. गंगेच्या पाण्याला नलकूपांची जोड देण्यात आली असली तरी जुने जाळे, वाढलेली मागणी आणि उंच झालेली घरे यांचा मेळ घालणे सोपे राहिलेले नाही.

यातील पहिला घटक पाण्याच्या दाबाचा आहे. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शक पुस्तिकेत जोडणीच्या ठिकाणी एकमजली इमारतीसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब असावा, असे सुचविले होते. असा दाब दिवसभर उपलब्ध असल्यास पाणी थेट वरच्या मजल्यावरील तोटीपर्यंत पोहोचू शकते. पुरवठा ठराविक वेळेपुरता आणि दाब अपुरा असल्यास मात्र खाली साठवण टाकी, पंप, गच्चीवरील टाकी, तरंगता व्हॉल्व आणि चढती व उतरती अशा दोन स्वतंत्र वाहिन्या बसवाव्या लागतात. एका नळाच्या जागी एक छोटी पाणीपुरवठा योजनाच घरात उभी राहते. अनेक ठिकाणी टुल्लू पंप थेट जोडणीवर लावून पाणी ओढले जाते. त्यामुळे शेजाऱ्याचा दाब घटतो आणि जलवाहिनीत निर्वात निर्माण होऊन गळक्या सांध्यांतून दूषित पाणी आत शिरण्याचा धोका संभवतो.

दुसरा घटक वस्तीच्या रचनेचा आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरात अठराव्या शतकापासून मराठी कुटुंबे स्थायिक झाली. घाटांलगतचा हा जुना भाग ‘पक्का महाल’ म्हणून ओळखला जातो. येथील अरुंद गल्ल्यांत मालवाहू वाहन शिरत नाही. पाइप, टाकी आणि सिमेंट माणसाच्या खांद्यावरून न्यावे लागते. लाखोरी विटांच्या जाड भिंती आणि चुनारचा वालुकाश्म यांतून वाहिनी नेण्यास वेळ लागतो. गल्लीच्या फरसबंदीखाली पाणी व मैला यांच्या वाहिन्या जवळजवळ असल्याने खोदकाम जपून करावे लागते आणि नंतर फरसबंदी पूर्ववत करावी लागते. याउलट महापालिकेच्या हद्दीलगत विस्तारलेल्या नव्या वसाहतींत काम सुलभ असते. मात्र जिथे मलनिस्सारण वाहिनी पोहोचलेली नसते तेथे सेप्टिक टाकीचा खर्च वाढतो.

तिसरा घटक पाण्याच्या गुणवत्तेचा आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आढळतात. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. क्षार अधिक असल्यास तोट्या, शॉवर आणि पाणी तापविण्याची उपकरणे यांत पुटे साचतात. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप कालांतराने गंजतात व आतून अरुंद होतात. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सीपीव्हीसी पाइपांचा प्रसार वाढला. येथे पाहावयाचा खर्च खरेदीच्या दिवसाचा नसून संपूर्ण आयुर्मानाचा असतो. स्वस्त पाइप वारंवार भिंत फोडावयास लावत असेल तर तो अंतिमतः महाग पडतो.

चौथा घटक ऋतू आणि मागणीचा आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पावसाळ्यात गंगा आणि वरुणा यांच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. पूर ओसरल्यावर पंप, टाक्या व वाहिन्या यांच्या सफाई-दुरुस्तीची मागणी अनेक घरांतून एकाच वेळी येते. दुसरीकडे, श्रावण, देवदिवाळी आणि महाशिवरात्र या काळात यात्रेकरूंची गर्दी होते. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यानंतर पर्यटनाला चालना मिळाली आणि २०२५ च्या प्रयागराज महाकुंभाच्या काळात वाराणसीवरही मोठा ताण आला. अतिथिगृहांचा एक दिवसाचा खोळंबाही तोट्याचा असल्याने ती तातडीसाठी अधिक पैसे मोजण्यास तयार असतात. कारागिरांची संख्या अल्पकाळात वाढू शकत नाही. त्यामुळे वाढलेल्या दराची झळ सामान्य कुटुंबालाही बसते.

अदृश्य पाणीपट्टी

अपुऱ्या सार्वजनिक सेवेशी जुळवून घेण्यासाठी कुटुंबाने केलेल्या खर्चाला अर्थशास्त्रात निवारणात्मक खर्च म्हणतात. शुभ्रेंदू पटनायक आणि सहकाऱ्यांनी काठमांडू येथील कुटुंबांविषयी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा खर्च उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का आणि मासिक पाणी देयकाच्या जवळपास दुप्पट आढळला. पाणीपट्टी कमी ठेवल्याने पाणी स्वस्त होतेच असे नाही, हा या निष्कर्षाचा बोध होय. उत्तर प्रदेशातील शहरांत पाणीकराची आकारणी मुख्यत्वे मालमत्तेच्या वार्षिक मूल्याशी जोडलेली आहे. हा कर भरूनही टाकी, पंप, वीज आणि दुरुस्ती यांवर होणारा खर्च ही एक अदृश्य पाणीपट्टीच ठरते.

हा भार प्रतिगामी स्वरूपाचा आहे. सधन कुटुंब मोठी टाकी व शक्तिशाली पंप बसवून पुरवठ्याच्या वेळेत अधिक पाणी साठवू शकते. ज्याच्याकडे ही भांडवली गुंतवणूक नाही, त्याच्या वाट्याला रांग आणि बादली येते. त्याच्या वेळेचे, बहुधा घरातील स्त्रीच्या वेळेचे मूल्य कोणत्याही हिशेबात धरले जात नाही.

भाडेकरूंचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. काशी हिंदू विश्वविद्यालयालगतच्या लंका व अस्सी परिसरात अनेक विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. पाइपांची निवड घरमालक करतो आणि गैरसोय भाडेकरू सोसतो. निर्णय एकाचा व परिणाम दुसऱ्याचा असल्याने दर्जेदार साहित्यावर खर्च करण्याची प्रेरणा क्षीण होते.

माहितीची विषमता

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील माहितीच्या विषमतेचे परिणाम दाखविले. नळकामात ही विषमता ठळक असते. भिंतीआड गेलेला सांधा नीट बसविला आहे किंवा नाही, हे ग्राहकाला दिसत नाही. चांगल्या व सुमार कारागिरातील फरक ओळखता न आल्याने ग्राहक सर्वांनाच सरासरी दर देऊ पाहतो. कुशल कारागिराला योग्य मोबदला मिळत नाही आणि तो अन्यत्र वळतो. ओळखीच्या प्लंबरलाच बोलावण्याची प्रथा हा या अडचणीवर समाजाने शोधलेला उपाय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाचा प्लंबर अभ्यासक्रम आणि पूर्वकौशल्याला मान्यता देणारी प्रमाणपत्रे यांचे महत्त्व याच दृष्टीने आहे. प्रमाणपत्र केवळ कौशल्य देत नाही, तर ग्राहकाला कौशल्याची खूणही पुरवते. साहित्य व मजुरी स्वतंत्रपणे दाखविणारी लेखी पावती ही त्याला पूरक ठरते.

गंगाशुद्धी आणि घरातील सांधा

कुटुंबाच्या खर्चाचा परिणाम घरापुरता मर्यादित राहत नाही. गंगा कृती योजनेचा प्रारंभ १४ जून १९८६ रोजी वाराणसीतच झाला. पुढे दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर क्षमतेचे नवे सांडपाणी प्रक्रिया केंद्र नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाले. तथापि केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोहोचणारे सांडपाणी या दोन भिन्न बाबी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. स्थापित प्रक्रिया क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, तर प्रत्यक्ष वापर २०,२३६ दशलक्ष लिटर होता. क्षमता अपुरी असूनही तिचा पूर्ण वापर होत नव्हता. त्यामागे बिघाड, वीज यांसारखी कारणे असली तरी घरांच्या जोडण्यांचा अभाव हेही महत्त्वाचे कारण आहे.

जोडणीचा खर्च कुटुंब करते, परंतु स्वच्छ नदीचा लाभ सर्वांना मिळतो. अशा बाह्य लाभाच्या स्थितीत केवळ व्यक्तिगत निर्णयावर विसंबल्यास जोडण्या समाजाला आवश्यक असलेल्या संख्येपेक्षा कमी होतात. म्हणून या अखेरच्या मीटरवरील सार्वजनिक खर्च आर्थिकदृष्ट्याही समर्थनीय ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० अभियानात सुमारे २.६८ कोटी नळजोडण्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

समारोप

घरगुती नळकामाचा दर नियंत्रित करण्यासाठी कारागिराच्या मजुरीवर मर्यादा घालणे हा परिणामकारक उपाय नव्हे. त्यामुळे दर्जा घसरण्याची किंवा कुशल श्रमाचे स्थलांतर वाढण्याची शक्यता अधिक आहे. दाबयुक्त व नियमित पुरवठा, गल्लीतील वाहिन्यांचे अचूक नकाशे, प्रमाणित कौशल्य, पारदर्शक पावती आणि गरीब कुटुंबांसाठी जोडणी खर्चाचे हप्ते किंवा अनुदान, हे उपाय खर्चाच्या मुळाशी जातात. सातारा जिल्ह्यातील मलकापूरसारख्या छोट्या शहराने मीटरसह २४ तास पाणीपुरवठा करून दाखविला. ओडिशातील पुरी येथे जुलै २०२१ मध्ये थेट नळातून पिण्यायोग्य पाणी देणारी योजना सुरू झाली. पाणी अखंड आणि पुरेशा दाबाने येऊ लागले की टाकी व पंप यांची गरज घटते, दुरुस्तीचे प्रसंग कमी होतात आणि कुटुंबाचा खर्च आपोआप उतरतो. वाराणसीतील घरगुती नळकाम स्वस्त करण्याचा खात्रीचा मार्ग सार्वजनिक जलवाहिनीच्या सुधारणेतूनच जातो.