तेजोमेघाचा फोटो, कोल्हापुरातून

हिवाळ्यात कोल्हापूरच्या गच्चीवरून मृग नक्षत्र चांगले उंच दिसते. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला दुर्बिणीत राखाडी धुरकट डाग सापडतो: एम ४२ हा तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. फोटोत तोच लालसर उमटतो. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. सेन्सर मात्र प्रकाश साठवत राहतो. हा लाल रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा.

अडचण आकाशाचीच. रस्त्यावरचे दिवे तर आहेतच, पण वातावरणही स्वतः मंद चमकते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठातून हीच वायुदीप्ती टिपली आहे. तिच्यातला ऑक्सिजन ५५७.७ आणि ६३० नॅनोमीटरला उजळतो. म्हणून फक्त ६५६.३च्या आसपासचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर घ्याच.

आकाश तासाला १५ अंश सरकते, तेव्हा दुर्बीणही मोटरने फिरवावी लागते, अक्ष ध्रुवाकडे रोखून. कोल्हापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर. उत्तरेला इमारत असली की तो झाकलाच. मग सरळ पन्हाळा गाठावा.

एका लांब फोटोऐवजी मिनिटा-मिनिटाचे अनेक घ्या आणि संगणकावर त्यांची सरासरी काढा. तेजोमेघ प्रत्येकात तोच असतो, नॉइज मात्र दरवेळी वेगळा, त्यामुळे तो विरतो. एम ४२चा गाभा फार तेजस्वी. त्यासाठी काही सेकंदांचे वेगळे फोटो हवेत.