प्रकाशाची मोजपट्टी

शिळाछापावर रंगीत चित्र छापावयाचे असे तेव्हा प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करीत व तोच कागद त्या सर्व दगडांवर एकामागून एक दाबीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे अशाच रीतीने निघत. कागद किंचित सरकला तरी ओठांची लाली गालावर उतरावयाची!

आज इलेक्ट्रॉनिक चिप ज्या क्रियेने घडते तिलाही लिथोग्राफी, म्हणजे शिलामुद्रण, हेच नाव आहे. येथे कागदाच्या जागी ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती असते आणि शाईचे काम प्रकाश करतो. चकतीवर नक्षीचे अनेक थर एकावर एक उमटवावे लागतात. अत्यंत प्रगत चिपमध्ये हे थर परस्परांशी दोन-तीन नॅनोमीटरांच्या आत जुळले पाहिजेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. थर चुकल्याचे वेळीच ध्यानात आले तर प्रकाशसंवेदी लेप काढून तो पुन्हा छापता येतो. तसे न झाल्यास मात्र कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. म्हणून यंत्रातील चकती या क्षणी नेमकी कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर अचूक मिळणे अत्यावश्यक ठरते.

तरंगांची गणना

एवढे सूक्ष्म अंतर मोजण्यास प्रकाशाची तरंगलांबी हीच मोजपट्टी उपयोगी पडते. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी पॅरिसजवळील सेव्हर येथे १८९२-९३ साली मीटरचे माप कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगांत मोजून दाखविले. आजच्या यंत्रांतही त्यांचेच तत्त्व वापरतात. लेसरच्या किरणाचे दोन भाग करून एक स्थिर आरशाकडे व दुसरा चकतीच्या मेजावर बसविलेल्या आरशाकडे पाठवितात. परतलेले किरण एकत्र आले की त्यांच्या व्यतिकरणामुळे प्रकाश व अंधार आलटूनपालटून दिसतो. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते. मेज तिच्या निम्म्याने, म्हणजे ३१६.४ नॅनोमीटर, सरकले की एक आवर्तन पुरे होते. इलेक्ट्रॉनिक साधनांनी या आवर्तनाचेही शेकडो भाग पाडता येतात.

या रीतीने मेज किती सरकले ते कळते. परंतु मेजावर चकती कोठे ठेवली गेली आहे हे कळत नाही. त्यासाठी आधीच्या थरांबरोबर चकतीवर बारीक रेषांच्या खुणा उमटविलेल्या असतात. छपाईपूर्वी त्या खुणा प्रकाशाने वाचून चकतीचे स्थान, तिचा फिरकस व तिचे आकुंचन-प्रसरण निश्चित करतात.

मापाची रेषा

येथे आणखी एक अडचण उद्भवते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० साली सांगून ठेविले की, ज्या बिंदूचे स्थान मोजावयाचे त्याच्या सरळ रेषेतच मोजपट्टी असावी. एका किलोमीटरवर एक मिलिमीटर चढ असावा इतकेच मेज कलले आणि मापाची रेषा चकतीच्या पृष्ठापासून केवळ १० मिलिमीटर खाली असली, तरी मापात १० नॅनोमीटरांची चूक येते. यास्तव मेजाच्या तीनही दिशांतील सरकण्याबरोबर तीनही अक्षांभोवतीचे वळणे सतत मोजावे लागते.

हवेचा अडथळा

प्रकाशाची तरंगलांबी निर्वातात अढळ असते, हवेत मात्र नसते. हवेचे तापमान एक अंशाने बदलले की तरंगलांबीत सुमारे दहा लाखांत एक भाग फरक पडतो. ३०० मिलिमीटर मार्गावर ही चूक सुमारे ३०० नॅनोमीटर होते. अंशाच्या शंभराव्या भागानेही तीन नॅनोमीटर! हवेचा दाब बदलला तरी असाच परिणाम होतो. तापमान व दाब मोजून सरासरी दुरुस्ती करता येते. परंतु मेज वेगाने इकडून तिकडे धावते तेव्हा त्याच्याभोवती हवेचे उष्ण-शीत झोत उठतात आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या या झोतांचा हिशेब कोण ठेवणार?

यावर अभियंत्यांनी योजिलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. त्यांनी लांब किरणमार्ग सोडून दिला आणि बारीक रेषांची जाळी कोरलेली पट्टी मेजाजवळ बसविली. काही यंत्रांत ही पट्टी मेजाच्या वर स्थिर असते व ती वाचणारी साधने मेजाबरोबर फिरतात. किरणास आता हवेतून अगदी थोडेच अंतर जावे लागते. त्यामुळे झोतांचा परिणामही अल्प होतो.

जाळीच्या रेषा सर्वस्वी निर्दोष कोरता येत नाहीत, ही गोष्ट खरी. तरंगांची गणना तत्त्वतः अधिक शुद्ध होती, असेही कोणी म्हणेल. परंतु जाळीतील दोष जेथल्या तेथे राहतात. ते एकदा तपासून त्यांचा नकाशा केला की प्रत्येक मापातून वजा करता येतात. हवेच्या झोतांचा असा नकाशा करता येत नाही. निर्दोष पण चंचल मोजपट्टीपेक्षा सदोष पण स्थिर मोजपट्टी अधिक भरवशाची ठरली, ती यामुळेच.

प्रयोगशाळेत साधी पट्टी वापरणाऱ्या विद्यार्थ्यानेही हे ध्यानात ठेवावे. जी चूक दर वेळी तेवढीच येते ती शोधून काढता येते. म्हणून माप एकदाच घेऊन थांबू नये. ते पुनःपुन्हा घ्यावे आणि आलेल्या फरकांकडे बारकाईने पाहावे.